सुपरसेटची सिक्रेट की बदलताय? आधी जुनी जपून ठेवा

लिनक्स येतं, सुपरसेट (डेटाचे चार्ट आणि डॅशबोर्ड बनवायचं सॉफ्टवेअर) चालू आहे आणि सर्व्हरवर लॉगिन आहे असं धरून लिहितोय. इन्स्टॉल कसं करायचं ते इथं मिळणार नाय.

पॅकेजमधल्या मूळ कॉन्फिग डॉट पीवायला हात लावू नका, अपग्रेड झालं की तुमचे बदल गेलेच म्हणून समजा. स्वतःची वेगळी फाईल करा, तिचा पत्ता सुपरसेट_कॉन्फिग_पाथ या व्हेरिएबलमध्ये द्या, फाईल सुपरसेट चालवणाऱ्या युजरच्या मालकीची आणि परमिशन ६००. की आणि पासवर्ड फाईलमध्ये लिहायचे नाहीत, एन्व्हायर्नमेंटमधून उचलायचे, म्हणजे फाईल गिटमध्ये गेली तरी बोंब होत नाय.

की ओपनएसएसएलनं बनवा, ४२ रँडम बाइट्स, बेस-६४ मध्ये. कुठल्यातरी व्हिडिओतली की तशीच चिकटवणारे अजून भेटतात मला. २०२३ मध्ये सीव्हीई-२०२३-२७५२४ (सुरक्षेतल्या भोकाचा नोंदणी नंबर) आलं ते ह्याच्यामुळंच, डिफॉल्ट की सगळ्या जगाला माहीत, मग कुणीपण अॲडमिनची सेशन कुकी (लॉगिन झाल्याची खूण) घरी बसून बनवणार. २.१ पासून डिफॉल्ट की असेल तर सुपरसेट चालूच होत नाय.

आता खरी भानगड. ही की फक्त कुकीवर सही करत नाय, मेटाडेटा डेटाबेसमध्ये (सुपरसेटचा स्वतःचा डेटाबेस) ठेवलेले तुमच्या कनेक्शनचे पासवर्डपण तिच्यानंच एन्क्रिप्ट होतात. कुपवाड एमआयडीसीतल्या एका क्लायंटकडं मी जुनी की खोडली, नवी टाकली, रीस्टार्ट मारला आणि चहाला गेलो. परत येतोय तर डॅशबोर्ड सगळे जागेवर पण एकाही चार्टमध्ये डेटा नाय, कारण जुने पासवर्ड नव्या कीनं उघडतच नव्हते. जुनी की कुठंच लिहून ठेवली नव्हती. अकरा कनेक्शनचे पासवर्ड एकेका माणसाला फोन करून मागितले, त्यातला एकजण लग्नाला विट्याला गेलेला.

म्हणून असं करा. वेब, सेलेरी वर्कर (मागं कामं करणारा) आणि बीट (वेळेवर कामं लावणारा), तिन्ही बंद. मेटाडेटा डेटाबेसचा डंप, म्हणजे पूर्ण कॉपी, घ्या, हे चुकवायचं नाय. जुनी की प्रीव्हियस_सिक्रेट_की मध्ये, नवी सिक्रेट_की मध्ये, मग सुपरसेटची री-एन्क्रिप्ट-सिक्रेट्स कमांड चालवा.

इथं दोन खड्डे आहेत. एक, सर्व्हिस सिस्टमडीतून (लिनक्सचा सर्व्हिस चालवणारा प्रोग्रॅम) चालत असेल तर तिची एन्व्हायर्नमेंट फाईल तुमच्या शेलमध्ये आपोआप येत नाय. मग कमांड तुमची कॉन्फिग न बघता डिफॉल्ट बघते आणि की असुरक्षित आहे म्हणून चालायला नकार देते. तो मेसेज बघून लोक घाबरून अजून एक नवी की बनवतात आणि गोंधळ दुप्पट करतात. की बरोबर आहे हो, आधी व्हेरिएबल लोड करा, मगच कमांड.

दुसरा, एन्व्हायर्नमेंट फाईल विंडोजवर नोटपॅडमध्ये नव्यानं बनवून सेव्ह केली असेल तर ओळीच्या शेवटी न दिसणारं कॅरेज रिटर्न येतं, आणि ती फाईल शेलमध्ये लोड केली की शेल ते कीचाच भाग धरतो. डोळ्याला दोन्ही की सेम. ४२ बाइट्सची की ५६ अक्षरांची होते, पायथनमध्ये लांबी मोजा, ५७ आली की समजा चिकटलंय. माझे ह्यात दोन तास गेलेत.

वर्कर दुसऱ्या मशीनवर असेल तर तिथंपण तीच की. आता वेब चालू करा, एका कनेक्शनला टेस्ट मारा, पास झालं की बाकीचं चालू. सगळे युजर लॉगआउट होणार, त्यामुळं काम रात्री करा, नायतर सकाळी हळदीच्या सौद्याचे आकडे बघणारी माणसं तुम्हालाच फोन करतात. सगळी कनेक्शनं तपासून झाली की प्रीव्हियस_सिक्रेट_की ची ओळ काढून टाका.

रिव्हर्स प्रॉक्सीमागं (सुपरसेटच्या पुढं बसवलेला सर्व्हर) लॉगिन अडकलं तर सीएसआरएफ (खोट्या रिक्वेस्ट अडवणारं संरक्षण) बंद करा असा सल्ला सर्रास मिळतो. अजिबात करू नका, आधी एनेबल_प्रॉक्सी_फिक्स ट्रू करून बघा.

आणि डंप एकीकडं, की दुसरीकडं. दोन्ही एकाच मशीनवर ठेवून उपयोग नाय, आणि सांगलीत असाल तर तळमजल्यावर तर नकोच, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ४० फुटांवर गेलं की आपण आधी तांदळाची पोती वर चढवतो, सर्व्हर कुणाच्या लक्षात पण येत नाय.