टेस्ट आणि लाइव्ह सर्व्हरसाठी एनजिनएक्सची कॉन्फिग वेगळी कशी ठेवावी

एनजिनएक्स हा वेब सर्व्हर वापरताना टेस्ट सर्व्हरची कॉन्फिग (सेटिंगची) फाइल उचलून लाइव्हवर टाकायची आणि हाताने चार ओळी बदलायच्या, ही सवय आधी सोडा. कधीतरी पाचवी ओळ राहून जाते. माझी राहिली होती ती ‘नोइंडेक्स’ हेडरची, म्हणजे ‘हे पान शोधात दाखवू नका’ असं गूगलला सांगणारी. साइट मस्त चालत होती, फक्त गूगलमधून पानं एकेक करून गळत होती.

सुरुवात फाइल फोडण्यापासून करा. रीडायरेक्ट, जीझिप (पानं दाबून पाठवणं), लोकेशन ब्लॉक (कुठल्या पत्त्याला कुठले नियम), अपलोडची मर्यादा हे दोन्हीकडे सारखंच हवं, म्हणून ते एका सामाईक फाइलमध्ये. एनजिनएक्स मुळात १ एमबीपर्यंतच अपलोड घेतो. ही मर्यादा फक्त टेस्टवर वाढवलीत, तर लाइव्हवर लोकांना ४१३ची (फाइल फार मोठी आहे) एरर दिसणार.

डोमेन, सर्टिफिकेट, बॅकएंडचा (मागे चालणाऱ्या ॲपचा) पत्ता आणि लॉगची पातळी दुसऱ्या फाइलमध्ये. तिच्या दोन आवृत्त्या करा. सामाईक फाइलमधल्या ‘इन्क्लूड’च्या ओळीत नाव मात्र एकच ठेवा. त्या नावाची सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे नेणारा दुवा) टेस्टवर एका आवृत्तीकडे वळवा, लाइव्हवर दुसरीकडे. दोन्ही आवृत्त्या गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) असू द्या. पासवर्ड आणि प्रायव्हेट की तेवढ्या बाहेर.

टेस्टच्या आवृत्तीत बेसिक ऑथचा पासवर्ड लावा आणि नोइंडेक्स हेडरही द्या. इथे एक खोच आहे. लोकेशन ब्लॉकमध्ये स्वतःचं एखादं ‘ॲड हेडर’ असेल, तर वरच्या पातळीवरचे हेडर तिथे उतरत नाहीत. म्हणजे लिहिलेलं दिसतं, पण जात नाही. सर्टिफिकेट मिळवण्याचे प्रयोग लेट्स एन्क्रिप्टच्या (मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेच्या) स्टेजिंगवर, म्हणजे सरावाच्या सेवेवर करा. ब्राउझर कुरकुरेल, पण खऱ्या सेवेवर त्याच नावांसाठी आठवड्याला ५ सर्टिफिकेटांची मर्यादा आहे, ती प्रयोगांतच संपायची.

लाइव्हवर एचएसटीएस (ठरावीक काळ फक्त एचटीटीपीएसनेच यायचं, असं ब्राउझरला सांगणारा हेडर) लावताना आधी ३०० सेकंद ठेवा. सगळं सुरळीत दिसलं की वर्षभराचे ३१५३६००० करा. त्यात सबडोमेन धरलीत आणि टेस्ट त्याच डोमेनखाली साध्या एचटीटीपीवर असेल, तर लाइव्ह साइट उघडलेल्या ब्राउझरमध्ये टेस्ट उघडणारच नाही.

रीलोडच्या आधी ‘एनजिनएक्स -टी’ चालवा. तो व्याकरण तपासतो. लाइव्ह चुकून टेस्टच्या बॅकएंडकडे बोट दाखवत असेल, तर ते त्याला कळत नाही. म्हणून शेवटी ‘कर्ल -आय’ या हेडर दाखवणाऱ्या कमांडने दोन्ही पत्ते तपासा. पासवर्डशिवाय टेस्टकडून ४०१ (आधी लॉगिन करा) यायला हवं, आणि लाइव्हच्या हेडरांत नोइंडेक्स दिसता कामा नये.