अलंकार ओळखताना या चुका टाळा: प्रत्येक ‘सारखा’ म्हणजे उपमा नव्हे

परवा शिकवणीतल्या दहावीच्या वह्या तपासत होतो. ‘उपमेचं स्वतःचं उदाहरण लिहा’ याखाली एकानं लिहिलेलं, ‘आमचा बंड्या सारखा बडबडतो.’ का रे? तर म्हणतो, ‘सर, सारखा आहे की!’ आता तिथला सारखा म्हणजे सतत. बंड्याची तुलना कुणाशीच नाही.

घोळाचं मूळ इथंच आहे. पोरं वाक्य वाचत नाहीत, शब्द हुडकतात. सम, परी, सारखा दिसलं की उपमा. जणू, गमे, भासे दिसलं की उत्प्रेक्षा. खूण उपयोगाची आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. आधी दोन गोष्टी पकडा. बोलणं ज्याच्याबद्दल चाललंय ते उपमेय, तुलनेसाठी बाहेरून आणलंय ते उपमान. मग दोघांचं नातं बघा.

सोलापूरचं मे महिन्यातलं ऊनच घ्या. ऊन उपमेय, भट्टी उपमान. ‘ऊन भट्टीसारखं तापलंय’ ही उपमा. दोन्ही वेगळी, फक्त गुण जुळला. ‘ऊन म्हणजे जणू भट्टीच’ ही उत्प्रेक्षा; इथं ऊन भट्टीच असावं अशी कल्पना केली. ‘उन्हाच्या भट्टीत आम्ही भाजून निघालो’ हे रूपक. दोन्ही एकच झाली. ‘हे ऊन नव्हे, ही तर भट्टी’ म्हटलं की उपमेय नाकारलं, म्हणून अपन्हुती. (मूळ संस्कृत शब्द ‘अपह्नुति’, जोडाक्षराला घाबरून उत्तर सोडू नका.) ‘या उन्हापुढं भट्टीही गार’ हा व्यतिरेक, कारण उपमेय वरचढ ठरलं. आणि ‘सोलापूरच्या उन्हासारखं ऊन सोलापूरचंच’ हा अनन्वय. यातही ‘सारखं’ आहे बरं का! पण दुसरं उपमानच सापडेना, म्हणून उन्हाची तुलना उन्हाशीच केली.

रूपकात बहुतेक वेळा खूणशब्द नसतो, त्यामुळे तेच सगळ्यात जास्त हुकतं. आणि ‘दादा बाबांसारखा उंच आहे’ ही नुसती माहिती झाली. ‘दादा ताडासारखा उंच’ म्हणाल तेव्हा कुठं चमत्कृती, म्हणजे बोलण्यातली गंमत, आली. ती नसेल तर अलंकारही नाही.

यमक आणि श्लेष यांची गफलत वेगळीच. मागांच्या या सोलापुरात उदाहरण शोधायला लांब जायला नको:

पेठेत रोज चाले ज्याचा माग,
उधारीवाले काढती त्याचा माग.

शब्द दोनदा आला, ठरल्या जागी आला, अर्थ बदलून आला: यमक. पण ‘विणकरानं माग सोडला नाही’ यात शब्द एकदाच, अर्थ दोन. यंत्र सोडलं नाही आणि पाठलागही सोडला नाही. हा श्लेष. ‘दोन अर्थ’ एवढंच पाठ केलेली पोरं दोन्हीकडं श्लेष लिहून मोकळी होतात.

‘कडक भाकरी कडाकड मोडली’ हा अनुप्रास, तीच अक्षरं पुन्हा पुन्हा आली. त्यात फारसं कुणी चुकत नाही. आपल्या गावच्या शाहीर राम जोशींच्या लावण्या मोठ्यानं म्हणून बघा, यमक आणि अनुप्रास कानालाच कळतील.

राहिला दृष्टान्त आणि अर्थान्तरन्यास. मुद्दा पटवायला तसाच दुसरा दाखला दिला तर दृष्टान्त. एका प्रसंगावरून सर्वांना लागू पडणारं विधान केलं, किंवा अशा विधानाला एका प्रसंगाचा आधार दिला, तर अर्थान्तरन्यास.

बंड्याचं वाक्य त्या पोरानं दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून आणलं: ‘बंड्या रेडिओसारखा सारखा बडबडतो.’ पूर्ण गुण दिले.