माहेश्वरी लुगड्याची गोधडी घडीवर फाटते तेव्हा

गोधडीचा वरचा थर जुन्या माहेश्वरी लुगड्याचा. नेमकी आडव्या घडीवर फाटली, वीतभर. माहेश्वरीत बहुधा ताणा (उभे धागे) रेशमाचा, बाणा (आडवे धागे) सुती. एकाच घडीवर वर्षानुवर्षं मोडलेलं रेशीम आधी तुटतं, मग बाण्याचे धागे झिपऱ्यांसारखे लोंबतात.

पहिल्यांदा इस्त्रीनं चिकटणारं बकरम लावलं. चूक. ते पुठ्ठ्यासारखं ताठ होतं आणि त्याच्या कडेलाच नवी चीर जाते. मशीनची शिलाई तर नकोच. सुईची भोकं ओळीनं पडतात, कापड तिथूनच टरकतं.

उपाय मलमलीचा. इंदूरच्या क्लॉथ मार्केटातून अर्धा मीटर, मिळत्या रंगाची. आटायची ती आधीच आटावी म्हणून गरम पाण्यात भिजवून वाळवली. चिरेजवळच्या धावदोऱ्याच्या तीन-चार ओळी उसवल्या आणि चहूबाजूंनी दोन इंच मोठा तुकडा आत सरकवला. लोंबते धागे बोथट सुईनं एकेक सरळ लावले (इथेच सगळा वेळ जातो). १० नंबरची सुई, एकेरी बारीक सुती दोरा. पॉलिस्टरचा दोरा जुन्या रेशमाला कापू शकतो. चीर ओलांडून लांब टाका टाकायचा आणि दर ४-५ मिलिमीटरवर बारीक टाक्यानं तो मलमलीला धरायचा. गाठ नाही, शेवटी दोन टाके एकावर एक. दोरा जरा ओढला की सुरकुती आलीच.

उसवलेला धावदोरा सैल हातानं परत घातला. आता गोधडी घडी न घालता जाड नळीवर गुंडाळलेली असते, वर धुतलेलं सुती कापड. पावसाळ्यात प्लास्टिकची पिशवी अजिबात नाही.