ईएससी असलेली गाडी पावसात चालवताना या चुका टाळा

पावसाळ्यापूर्वी नवी गाडी घेणारे अनेक जण मला एकच गोष्ट सांगतात, की गाडीत ईएससी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, असल्यामुळे आता घाटात घसरण्याची भीती उरली नाही. ही समजूत मला फार काळजीची वाटते.

स्टिअरिंग किती वळवले आहे आणि गाडी प्रत्यक्षात किती वळत आहे, हे ही यंत्रणा सेन्सरांवरून सतत ताडून पाहते. तफावत दिसताच ती इंजिनाचा जोर कमी करते आणि ठरावीक चाकालाच ब्रेक लावते. गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जाऊ लागला तर वळणाच्या बाहेरच्या बाजूचे पुढचे चाक, आणि पुढची चाके न वळता सरळ घसरू लागली तर आतल्या बाजूचे मागचे चाक ती प्रामुख्याने धरते. टायरची रस्त्यावर जेवढी पकड आहे तेवढीच ती वापरू शकते. नवी पकड तिला निर्माण करता येत नाही. वेग 40 वरून 60 वर नेला की त्याच वळणाला सव्वादोनपट पकड लागते.

सर्वांत घातक चूक म्हणजे डॅशबोर्डवरच्या ईएससीच्या लुकलुकणाऱ्या दिव्याला बिघाड समजणे. माझा भाचा जुलैमध्ये कुंभार्ली घाटातून चिपळूणकडे उतरत असताना तो पिवळा दिवा दोन वळणांवर लुकलुकला. त्याने मला विचारण्याआधीच ईएससीचे बटण दाबून धरले आणि यंत्रणा बंद केली. पुढच्याच वळणावर गाडीचा मागचा भाग दरीच्या बाजूला सरकला. समोरून वाहन नव्हते आणि वेग तिशीच्या आत होता, म्हणूनच आम्ही कठड्याअलीकडे थांबलो. दिवा लुकलुकतो तेव्हा यंत्रणा गाडी सावरत असते, आणि तो आपल्याला वेग कमी करायला सांगत असतो. तो पेटूनच राहिला, तर मात्र यंत्रणा बंद आहे किंवा तिच्यात दोष आहे. बटण चिखलात रुतलेली गाडी काढण्यापुरतेच वापरावे आणि बाहेर पडताच यंत्रणा पुन्हा चालू करावी.

टायरच्या खाचांची कायदेशीर किमान खोली 1.6 मिमी असली, तरी मी 3 मिमीलाच टायर बदलतो. दोनच नवे घेतले तर ते मागे बसवतो. दुकानदार पुढे बसवण्याचा आग्रह करतात, तो मी मानत नाही.

व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणे, घाईत उरकून घेऊ नये. स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर पुन्हा जुळवण्याची गरज आहे का, हे मी गाडी ताब्यात घेण्यापूर्वीच विचारतो. कारण तो चुकीचा कोन दाखवत असेल, तर यंत्रणेची तुलनाच चुकते.