एमडीसीच्या टबाजवळ या चुका टाळा

बिघडलेल्या जॉबवरचं, म्हणजे कामाच्या धातूच्या भागावरचं, पावडर कोटिंग उतरवायला एमडीसी, म्हणजे मेथिलीन डायक्लोराईड, झटपट काम करतं. फर्निचरच्या काही पेंट रिमूव्हरमध्येही तेच असतं. बेळगावचं उद्यमबाग असो की निपाणी, त्याचा टब जिथे आहे तिथे खालचं वाचून घ्यावं. अमेरिकेत 1980 ते 2018 दरम्यान या एका द्रावकाने 85 जीव घेतल्याची नोंद आहे.

पाऊस लागला की शटर अर्धं खाली येतं आणि वर एक्झॉस्ट फॅन फिरतोय म्हणून सगळे निर्धास्त राहतात. मोठी चूक इथेच होते. एमडीसी 40 अंशांनाच उकळतं, आणि त्याची वाफ हवेच्या जवळजवळ तिप्पट जड असते. ती टबाच्या पोटात आणि जमिनीलगत साचते. छताजवळचा फॅन तिला ओढत नाही. हवा ओढायची सोय टबाच्या काठालगत हवी, ताजी हवा कामगाराच्या पाठीमागून यायला हवी. तळाला पडलेला हुक वाकून काढू नका. जॉब जाळीच्या टोपलीतून सोडा, काम झालं की झाकण लावा.

वास आला की बाहेर जाऊ, हा हिशेबही चुकतो. अमेरिकेची जुनी मर्यादा 8 तासांच्या सरासरीला 25 पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 25 भाग वाफ. वास साधारण त्याच्या कितीतरी पट वाफ झाल्यावर येतो, मग नाकही सरावतं. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही. मास्कला लावायच्या कार्बनच्या कार्ट्रिजमधूनही ही वाफ लवकर आरपार जाते. बाहेरून हवा पुरवणारा मास्कच लागतो. साध्या रबरी किंवा नायट्रिल हातमोज्यांतून एमडीसी काही मिनिटांत आत शिरतं.

कोणी टबाजवळ कोसळला तर तसंच आत धावू नका. वाफेने भूल चढते, श्वास थांबतो, आणि वाचवायला गेलेलाही पडतो. शटर पूर्ण उघडा, 108 ला फोन करा.

डोकं दुखतंय, गरगरतंय, आता बरं वाटतंय, म्हणून घरी पाठवणं हीही घातक चूक. 1972 मध्ये रिचर्ड स्टुअर्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की शरीर या द्रावकापासून कार्बन मोनॉक्साईड बनवतं. चरबीत मुरलेलं एमडीसी काम संपल्यावरही तासन् तास विष तयार करत राहतं. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर तेव्हाही 98 दाखवू शकतो, कारण कार्बन मोनॉक्साईड चिकटलेलं रक्त त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं. दवाखान्यात ‘एमडीसी होतं’ असं स्पष्ट सांगा, कॅनच्या लेबलचा फोटो दाखवा, कार्बॉक्सीहिमोग्लोबिनची, म्हणजे रक्ताला किती कार्बन मोनॉक्साईड चिकटलंय याची, तपासणी मागा. डॉक्टर 100 टक्के ऑक्सिजन लावतात. हृदयविकार असलेल्याला या कामाला लावूच नका: 1976 च्या एका नोंदीत तळघरात पेंट रिमूव्हर वापरणाऱ्या माणसाला तीन वेळा हृदयविकाराचा झटका आला.

टबावरची सूचना मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहा.