बर्डिंग टूर लीडर व्हायचंय? रांगेतल्या शेवटच्या माणसाकडे बघायला शिका

पक्षी ओळखता येतात म्हणजे टूर लीड करता येईल असं मलाही वाटायचं, पहिल्याच टूरने ते खरं नाही हे दाखवलं. इक्वेडोरमधे मिंदोच्या वरच्या ढगाळ जंगलात मिक्स्ड फ्लॉक आला, म्हणजे टॅनेजर काय, फ्लायकॅचर काय, वेगवेगळ्या जातींचे पक्षी घोळक्याने खात खात पुढे सरकतात, दोन मिनिटांत खेळ खलास. मी दुर्बीण डोळ्याला लावून नावं ओरडत सुटलो, आणि मागे वळलो तर रांगेतल्या शेवटच्या बाई भलत्याच झाडाकडे बघत होत्या. रात्री दिवसभरात दिसलेल्या जातींची चेकलिस्ट वाचताना त्या शांतपणे "नाही दिसला" म्हणत गेल्या, तेरा वेळा, मी मोजलं.

तेव्हा पहिली प्रॅक्टिस जागा सांगायची करा. "तो बघा, हिरव्या पानांमागे" हे अख्ख्या जंगलाला लागू पडतं. आधी सगळ्यांना खोड सापडू दे: पांढऱ्या सालीचं झाड, पहिली फांदी डावीकडे, ती जिथे दुभंगते तिथून वर हातभर. लेझर पॉइंटर वापरलात तर पक्ष्याच्या बराच खाली धरा, पक्ष्यावर कधीच नाही. स्कोप, म्हणजे तिपाईवरची मोठी दुर्बीण, लावला की स्वतः बाजूला व्हा, एकेकाला आधी दोन सेकंद बघू द्या, मग दुसऱ्या फेरीत निवांत. अरुंद वाटेवर रांगेचा क्रम बदलत राहा, नाहीतर पुढे तेच तेच घुसतात (आणि ते नेहमी सगळ्यात जास्त लाइफर, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच दिसलेल्या जाती, झालेलेच असतात!).

अभ्यासाचं म्हणाल तर जगात साधारण ११,००० जाती आहेत, पाठ करायच्या भानगडीत पडू नका. आधी फॅमिली ओळखा. दक्षिण अमेरिकेत जायचं असेल तर टायरंट फ्लायकॅचरच्याच ४०० हून जास्त जाती आहेत, तिथे भलेभले गडबडतात. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या साइटवर त्या आठवड्यात त्या जागी काय दिसतं ते बघा आणि झेनो-कँटो या पक्ष्यांच्या रेकॉर्डिंगच्या साइटवर त्यांचे आवाज रोज ऐका, कारण दाट जंगलात काम कानानेच चालतं. मर्लिन हे पक्षी ओळखणारं ॲप क्लायंटच्या खिशातही असतं, ते नाव सांगेल, पण पक्षी कुठल्या उंचीवर बसलाय ते तुम्हालाच शोधून द्यावं लागतं.

प्लेबॅकवरून, म्हणजे पक्ष्याला बोलवायला त्याचाच रेकॉर्ड केलेला आवाज लावण्यावरून, ग्रुप दबाव आणतोच, "अजून एकदा लावा ना". पक्ष्याने उत्तर दिलं, समोर आला, की बंद. घरट्याजवळ तर नाहीच, आणि काही अभयारण्यांत मुळात बंदी असते.

लोकल गाइडशी स्पर्धा करू नका. युगांडात माबाम्बाच्या दलदलीत शूबिल हा बुटासारख्या चोचीचा मोठा पक्षी बघायला लाकडी होडीतून जातात. तिथले मासेमार पूर्वी त्याला अपशकुनी मानायचे, दिसला की मासे मिळत नाहीत म्हणून. आज तिथले होडीवालेच तो शोधून देतात, पपायरसमधला कुठला फाटा घ्यायचा हे तुम्हाला कुठल्याच ॲपमधे मिळणार नाही. गप्प बसून त्यांचं ऐका आणि श्रेय सगळ्यांसमोर त्यांनाच द्या.

पैशांचं म्हणाल तर काम बरंचसं फ्रीलान्स आणि सीझनचं, सुरुवातीला असिस्टंट म्हणून सामान उचलायचीही तयारी ठेवा. एका कंपनीने तर माझं मानधन सहा महिने लटकवलं होतं, तेव्हापासून तारीख लेखी घेतल्याशिवाय मी हो म्हणत नाही.

आणि टॉयलेटचा थांबा कधी, ते पहाटे निघतानाच सांगून टाका. चार तास अडून राहिलेल्या माणसाला क्वेट्झलसारखा देखणा पक्षी दाखवलात तरी तो दिसत नाही.