इंग्लंडला निघालात? मतदारयादीचं आधी बघा

दर श्रावणात इंग्लंडला निघालेली दोन-चार पोरं-पोरी राजारामपुरीत आमच्याकडं येऊन बसतात. थंडीचं विचारतात, भाड्याचं विचारतात. मत कुठं द्यायचं, हे कुणी विचारत नाही. म्हणून लिहून ठेवते. 2012 ते 2024 मी उत्तर इंग्लंडातल्या ब्रॅडफर्ड शहरात होते आणि हे मला मीरपुरी, म्हणजे पाकव्याप्त काश्मीरातल्या मीरपूरकडच्या, शेजाऱ्यांनी शिकवलं.

भारतीय पासपोर्टावर तिथं मत देता येतं, हे पक्कं डोक्यात ठेवा. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक, वैध व्हिसा, तिथला पत्ता आणि वय अठरा, एवढं असलं की नगरसेवकापासून खासदारापर्यंत सगळ्यांना मत. पाकिस्तानी पासपोर्टालाही हाच नियम.

शेजारच्या खालाचं गाव मीरपूरकडचं. 1960 च्या दशकात मंगला धरणात त्यांची जमीन गेली आणि त्या मुलखातली पुष्कळ माणसं ब्रॅडफर्डच्या कापड गिरण्यांत आली. धरणग्रस्त म्हणजे काय, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. त्यांची 'बिरादरी' म्हणजे आपली भावकी. परक्या गावात भावकीनंच काम लावून दिलं, खोली बघून दिली, मग मत कुणाला हेही भावकीच ठरवू लागली. मी त्याला नावं ठेवणार नाही. एकगठ्ठा मतं होती म्हणून त्यांच्या दारात पुढारी यायचे. 1985 साली मोहम्मद अजीब शहराचे पहिले आशियाई लॉर्ड मेयर, म्हणजे महापौर, झाले, ते खाला अजून अभिमानानं सांगते.

मुलांना मात्र पुढं हे पटेना. मी गेले त्याच वर्षी मार्चमध्ये खासदारकीची पोटनिवडणूक लागली. थोरल्यांनी ठरवलेलं बाजूला सारून पोरांनी, पोरींनी रिस्पेक्ट या छोट्या पक्षाच्या जॉर्ज गॅलोवेंचं काम केलं आणि ते दहा हजारांवर मताधिक्यानं निवडून आले. खालाची धाकटी दारोदार पत्रकं टाकत फिरायची, हातात स्वयंपाकघरातलं लाकडी उलथणं. दाराच्या फटीतून पत्रक उलथण्यानं आत ढकलायचं, नाहीतर आतलं कुत्रं बोटं धरतं. बाप दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानंच विचारलं, "आज कुठली गल्ली?"

आता तुमचं काम. घर मिळालं की त्याच आठवड्यात सरकारी संकेतस्थळावर नाव नोंदवा. पाच मिनिटं लागतात, पैसे लागत नाहीत. नॅशनल इन्शुरन्स नंबर, म्हणजे नोकरी-कराच्या नोंदीचा सरकारी क्रमांक, विचारतात. नसला तर तसं लिहा, ते दुसरी कागदपत्रं मागवतात. आम्ही गेलो तेव्हा घरात एकच फॉर्म यायचा आणि कर्ता माणूस सगळ्यांची नावं भरायचा. 2014 पासून ज्याचं त्यानं नोंदवायचं, आणि बायकांच्या दृष्टीनं हा बदल मला फार मोठा वाटतो. घर बदललं की पुन्हा नोंदवा. मतदानाच्या बारा कामाच्या दिवसांआधी नोंद झाली नाही तर ती निवडणूक गेली. यादीत नाव असलं की कर्जासाठी पत तपासतानाही उपयोग होतो.

टपालानं मत मागवलंत तर कागद स्वतः भरा, स्वतः टपालपेटीत टाका. घरमालक, गाववाला, पक्षाचा कार्यकर्ता, कुणीही "दे, मी पोचवतो" म्हणाला तरी द्यायचा नाही.

नगरसेवकाला भेटायच्या ठरलेल्या वेळेला तिथं 'सर्जरी' म्हणतात. बहुधा ग्रंथालयात नाहीतर समाजमंदिरात टेबल मांडून बसतात. भिंतीला ओल, कचरा, घरमालकाची कटकट, काहीही घेऊन जा. आमच्या गल्लीतला बंद दिवा खालानं तीन वेळा जाऊन लावून घेतला. तिला इंग्रजी येत नव्हतं, धाकटी शेजारी बसून सांगायची.

मतदान बहुतेक गुरुवारी, सकाळी सात ते रात्री दहा. 2023 पासून इंग्लंडात फोटोचं ओळखपत्र दाखवावं लागतं. आपला पासपोर्ट चालतो, तेवढा खिशात ठेवा. आत दोरीला बांधलेली पेन्सिल असते, तिनं फुली मारायची. बोटाला शाई लावत नाहीत.